केसगळती : तेलाआधी कारण पाहा

प्रश्न : मोठा ताप येऊन गेल्यावर अडीच महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येऊ लागले. टक्कल पडेल का? कोणतं तेल लावू?

उत्तर : टक्कल पडण्याची भीती नको. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटलेलं वजन यानंतर बरेच केस एकदमच वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत राहतात, म्हणून ही गळती बहुतेकांची सहा महिन्यांत आटोक्यात येते. नवा केस महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो, तेव्हा धीर धरा.

आयुर्वेद केसांना अस्थिधातूचा मल, म्हणजे हाडांच्या पोषणातून उरणारा टाकाऊ भाग, मानतो. तापानंतर अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद असला की धातूंपर्यंत, म्हणजे रक्त, मांस, हाडं अशा शरीराच्या घटकांपर्यंत, पोषणच पोहोचत नाही. भूक नसताना च्यवनप्राश सुरू करणं हीच नेहमीची चूक. त्याने जडपणा वाढतो. आधी हलकं, ताजं जेवण; भूक नीट लागू लागली की आवळ्याचं चूर्ण 3 ग्रॅम रोज सकाळी. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड मात्र जरूर तपासा. लोह कमी असेल तर ते कुठल्याही तेलाने भरून निघत नाही.

प्रश्न : माक्याचा रस खोबरेल तेलात उकळून तेल केलं. पंधरा दिवसांत वास आला, बुरशी धरली. काय चुकलं?

उत्तर : तेलात पाणी राहिलं. रस आटल्यासारखा दिसला तरी कल्कात, म्हणजे तेलातल्या वनस्पतीच्या वाटलेल्या लगद्यात, ओल दडलेली असते आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच कढई उतरवतात.

शास्त्रातलं प्रमाण कल्क एक भाग, तेल चार, द्रव सोळा असं आहे. म्हणजे 250 मिलि तेलाला ताज्या माक्याचा 1 लिटर रस आणि आवळा व ज्येष्ठमधाचा मिळून सुमारे 60 ग्रॅम कल्क. कढई जाड बुडाची आणि निदान 3 लिटरची घ्या, कारण फेस वर येतो. आच मंद ठेवा आणि उलथनं तळापर्यंत फिरवत राहा. कल्क बुडाला लागला की करपतो. शेवटी थोडा कल्क काढून बोटांत वळा. त्याची वात झाली पाहिजे आणि ती ज्योतीवर धरल्यावर तडतडता कामा नये. तडतडली तर पाणी आहे, आणखी शिजवा. तेल सिद्ध होताना फेस येतो. तुपाचं उलट, त्याचा फेस तेव्हा जिरतो. डोक्याला लावायच्या तेलाचा कल्क किंचित कडक झालेला चालतो, पण काळा पडून जळाला असेल तर ते तेल वापरू नका.

गरम असतानाच कापडातून गाळा, पण बाटली भरायची ती तेल पूर्ण गार झाल्यावर. झाकणाखाली जमलेले वाफेचे थेंब पुन्हा तेलातच पडतात. बुरशी आलेलं तेल तापवून वापरण्याचा मोह नको, फेकून द्या.

प्रश्न : डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत जागा पडली आहे. गुंजा उगाळून लावू का?

उत्तर : ही चाई, म्हणजे इंद्रलुप्त. ग्रंथांत गुंजेचा लेप आहे खरा, पण गुंजा विषारी आहे. कच्ची, अशुद्ध गुंजा घरी उगाळून लावल्यास कातडी भाजल्यासारखी होऊ शकते आणि लहान मुलाच्या हाती बी लागलं तर जिवावर बेतेल. वैद्यांना किंवा त्वचातज्ज्ञांना दाखवा. त्या जागी खाज, पापुद्रे, तुटलेले केस दिसत असतील तर तो नायटाही असू शकतो. तेव्हा तेल चोळणं थांबवा आणि कंगवा, टॉवेल वेगळे ठेवा.