तार रुतलेला आंबा, खाचा पाडलेला नारळ

प्रश्न : सहा वर्षांच्या हापूस कलमाला आधाराची काठी तारेने बांधली होती, ती सोडायची राहून गेली. तार सालीत रुतलीय, वर खोड फुगलंय, पण पानं हिरवीगार आहेत. आणि पाडेल्याने नारळावर चढायला खाचा पाडल्यात, त्या कधी भरतील? (एक बागायतदार, देवगड तालुका)

उत्तर : पानांवर जाऊ नका, तार आजच तोडा. पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या लाकडात असतात. पानांतलं अन्न मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या सालीच्या आतल्या अंगाला. तार साल आवळते, लाकडाला फारशी बाधत नाही. पाणी चालू राहतं म्हणून पानं टवटवीत, अन्न अडतं म्हणून तारेच्या वर फुगवटा. मुळं साठवणीवर दिवस काढतात. ती संपली की झाड बसतं, आणि आपण वाळवी शोधत फिरतो.

तार पक्कडने दोन-तीन ठिकाणी तोडा. सालीत बुजलेला तुकडा ओढून काढू नका, तसाच राहू द्या. उघड्या जखमेला १० टक्के बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर). साल कुठेतरी वरपासून खालपर्यंत सलग शाबूत असेल तर झाड सावरेल. साल आणि लाकूड यांच्यामध्ये ऊतिकराचा, म्हणजे कॅम्बियमचा, ओलसर बुळबुळीत थर असतो. तो आत लाकूड घालतो, बाहेर साल. जखमेच्या कडा त्याच्यामुळेच मिळून येतात. तुमचं कलम खुंटाला चिकटलं तेही याच थरामुळे.

नारळाकडे हा थर नाही, त्यामुळे खाचा कधीच भरणार नाहीत. ऊस चावल्यावर चोथ्यात दोरे राहतात ना, तशाच वाहिन्यांच्या जुड्या नारळाच्या खोडात विखुरलेल्या असतात, कडेला जास्त दाट. नवी साल नाही, नवं लाकूड नाही. म्हणून तर ऊस किंवा नारळाचं आंब्यासारखं कलम बांधता येत नाही.

अशा जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो. खाचा साफ करून डांबर लावा. पुढच्या पाडपीला शिडी किंवा चढायचं यंत्र वापरा. पाडेली कुरकुरेल, कुरकुरू द्या.