टर्मिनलमधून उघडणारा व्ह्यूअर आणि मराठी पीडीएफ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी एकाच विषयाची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. विषय आहे ‘झथुरा’ हा लिनक्सवरचा, टर्मिनलमधून म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून उघडायचा आणि कळफलकावर चालवायचा पीडीएफ व्ह्यूअर. या सदरात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना अक्षरे आणि आकडे दोन्ही इंग्रजीच वापरावेत. झथुराचे स्पेलिंग झेड, ए, टी, एच, यू, आर, ए असे आहे.

वाई येथील एक मुद्रितशोधक विचारतात : मी घरी बसून ग्रंथांची मुद्रिते तपासतो. लॅपटॉप जुना असून त्यावर लिनक्सची हलकी आवृत्ती बसवली आहे. स्कॅन केलेले जाड खंड उघडले की नेहमीचा व्ह्यूअर अडखळतो. संपादकांकडून येणाऱ्या शंकांच्या यादीत छापील पृष्ठांक दिलेले असतात आणि एकेक पान गाठण्यातच वेळ जातो. आज्ञेतूनच हवे ते पान उघडता येते, असे ऐकले आहे. ते कसे करावे?

उत्तर : तुमच्या कामाला झथुरा अगदी साजेसा आहे. त्याला मेनू नाही, बटणांची पट्टी नाही. खिडकीत पान आणि तळाला माहितीची एक बारीक ओळ एवढेच असते. डेबियन किंवा उबुंटूच्या घराण्यातील लिनक्स असेल, तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल झथुरा’ एवढ्या आज्ञेने तो पीडीएफ वाचण्याच्या सोयीसह बसतो. जुन्या ग्रंथांचे स्कॅन पुष्कळदा देजाव्हू या प्रकारात असतात. त्यासाठी ‘झथुरा-डीजेव्हीयू’ हे वेगळे पॅकेज घ्यावे लागते.

आता पानाविषयी. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे टर्मिनल उघडा आणि ‘झथुरा -पी २३० खंड.पीडीएफ’ अशी आज्ञा द्या. यातील ‘पी’ मोठ्या लिपीतला हवा, कारण लहान ‘पी’चा अर्थ निराळा आहे. फाइलचे नाव लांबलचक असेल तर पहिली दोन-तीन अक्षरे टंकून टॅबची कळ दाबावी, उरलेले नाव टर्मिनल स्वतः भरते. नावात मोकळ्या जागा असतील आणि ते हाताने टंकणार असाल, तर सबंध नाव अवतरणचिन्हांत घालावे. नाहीतर एका नावाच्या दोन-तीन फाइली समजल्या जातात. पानाचा आकडा उणे दिला तर मोजणी शेवटाकडून होते, म्हणजे उणे एक हे अखेरचे पान. सूची नेहमी ग्रंथाच्या शेवटी असते, तेव्हा हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तुमची खरी अडचण मात्र छापील पृष्ठांकाची असणार. आज्ञेतला आकडा फाइलमधील पानाचा असतो आणि ग्रंथाला मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका मिळून समजा सोळा पाने आधी असतील, तर छापील २१४ हे पान फाइलमध्ये २३० असते. दर शंकेला ही बेरीज करण्याची गरज नाही. एकदा खंड उघडून छापील १ क्रमांकाच्या पानावर जा, विसर्गासारखे दिसणारे कोलन चिन्ह टंका म्हणजे खाली आज्ञेची ओळ उघडेल, आणि तेथे ‘ऑफसेट’ असे टंकून एंटर दाबा. त्यानंतर नुसते २१४ टंकून मोठा ‘जी’ दाबला की छापील २१४वे पान समोर येते. टर्मिनलमधून थेट उघडताना मात्र हा हिशेब धरला जात नाही, तेथे फाइलचाच आकडा द्यावा लागतो. मुद्रितशोधनात एक खंड तासन्‌तास उघडा असतो, म्हणून मी खिडकीतल्या पद्धतीलाच अधिक मानतो.

हिंडण्याच्या कळा लवकर अंगवळणी पडतात. ‘जे’ने खाली, ‘के’ने वर, त्याच कळा मोठ्या लिपीत दाबल्या तर पान पुढे-मागे, ‘ए’ने सबंध पान खिडकीत, ‘एस’ने पानाची रुंदी खिडकीएवढी. शंका असलेल्या जागी ‘एम’ दाबून पाठोपाठ एखादे अक्षर दाबले की तेथे खूण पडते. पुढे एकेरी अवतरणचिन्ह आणि तेच अक्षर दाबल्यास तुम्ही त्या जागी परत येता. दूरच्या पानावरची तळटीप पाहून मूळ जागी यायचे असेल, तर कंट्रोलसह ‘ओ’ दाबावे. मूळ मजकूर एका खिडकीत आणि मुद्रित दुसऱ्या खिडकीत ठेवून माऊसला हात न लावता दोन्हींवर फिरता येणे ही या कामातली मोठीच सोय आहे. नजर ओळीवरून हलत नाही.

व्ह्यूअर चालू असताना टर्मिनल अडकून राहतो असे वाटल्यास आज्ञेत ‘--फोर्क’ जोडावे, म्हणजे टर्मिनल लगेच मोकळा होतो.

सांगलीहून अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी लिहिते : झथुरा बसवला, पण त्यातून निवडलेला मजकूर दुसरीकडे चिकटवता येत नाही. रात्री पांढऱ्या पानाचा डोळ्यांना त्रास होतो. या गोष्टी कायमच्या कशा बदलाव्यात? सेटिंगची खिडकी कोठेच सापडली नाही.

उत्तर : सेटिंगची खिडकी नाहीच, तिच्या जागी साध्या मजकुराची एक फाइल असते आणि ती आपण स्वतः तयार करायची असते. होम फोल्डरमध्ये ‘.कॉन्फिग’ हा लपलेला फोल्डर आहे, त्यात ‘झथुरा’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘झथुराआरसी’ या नावाची फाइल ठेवावी. नावाला पुढे कोणतीही जोड नको. एका ओळीत एकच सूचना लिहायची. आधी ‘सेट’, मग सूचनेचे नाव आणि मग किंमत. हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ टिपण समजली जाते. कोणती ओळ कशासाठी लिहिली हे अशा टिपणात मराठीत लिहून ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण वर्षभराने आपल्यालाच ते आठवत नाही.

मजकूर चिकटत नाही यामागे कारण आहे. लिनक्सच्या पडद्यावर निवडीच्या दोन जागा असतात. माऊसने मजकूर निवडताच तो एका जागी जातो आणि मधले बटण दाबून तेथून चिकटवता येतो. कंट्रोलसह ‘व्ही’ दाबले की जे येते ते दुसऱ्या जागेतून येते. झथुरा मुळात पहिली जागा वापरतो. ‘सेट सिलेक्शन-क्लिपबोर्ड क्लिपबोर्ड’ ही ओळ लिहिली की निवड दुसऱ्या जागेत जाऊ लागते आणि तुमची तक्रार मिटते.

रात्रीच्या वाचनासाठी कंट्रोलसह ‘आर’ दाबून पाहा. पान गडद आणि अक्षरे फिकट होतात, तीच कळ पुन्हा दाबली की पूर्ववत होतात. उघडतानाच तसे हवे असेल तर ‘सेट रीकलर ट्रू’ ही ओळ घालावी. रंग स्वतः निवडायचे असतील, तर पार्श्वभूमीसाठी ‘रीकलर-लाइटकलर’ आणि अक्षरांसाठी ‘रीकलर-डार्ककलर’ अशा दोन ओळी लिहाव्यात. नावे उलटी वाटतात, पण मूळ पानातला फिकट भाग कोणत्या रंगात बदलायचा हे पहिली ओळ सांगते, एवढे लक्षात घेतले की घोटाळा होत नाही. रंगाचा आकडा दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावा. निव्वळ काळ्यावर निव्वळ पांढरे देवनागरी अक्षर मला वाचवत नाही, कारण शिरोरेषेची सलग पांढरी पट्टी डोळ्यांत भरते. गडद करड्यावर मंद पिवळसर अक्षर ठेवल्यास जोडाक्षरे मोकळी दिसतात.

आणखी दोन ओळी तुमच्या उपयोगाच्या आहेत. ‘सेट ॲडजस्ट-ओपन विड्थ’ लिहिल्यास प्रत्येक फाइल पानाच्या पूर्ण रुंदीने उघडते, आणि ‘सेट स्टेटसबार-होम-टिल्ड ट्रू’ लिहिल्यास तळाच्या ओळीत फाइलचा पत्ता आखूड दिसतो. प्रकल्प-अहवाल लाटेक या मजकूर जुळवण्याच्या प्रणालीत लिहीत असाल, तर वेगळे काहीच करावे लागत नाही. नवी पीडीएफ तयार होताच झथुरा ती आपोआप पुन्हा वाचतो आणि तुम्हाला त्याच पानावर ठेवतो.

कराडहून एक वकील लिहितात : निवाडे आणि दस्त पीडीएफ स्वरूपात येतात. डोळ्यांना मराठी स्वच्छ दिसते, पण शोध घेतला तर शब्द सापडत नाही आणि मजकूर उचलला तर इंग्रजी अक्षरांचा काला येतो. व्ह्यूअर बदलून पाहिला, फरक पडला नाही. झथुरामध्ये काही सेटिंग आहे का?

उत्तर : असे सेटिंग नाही, आणि दोष व्ह्यूअरचा नाही. मराठी वाचकांना या प्रश्नाने फार छळले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

झथुरा पान स्वतः काढत नाही. पीडीएफ उलगडण्याचे काम त्याच्या जोडीचा प्लगिन करतो आणि बहुतेक ठिकाणी तो ‘पॉपलर’ या संचावर चालतो. एव्हिन्स आणि ऑक्युलर हे व्ह्यूअरही पॉपलरच वापरतात, तेव्हा या तिघांत अदलाबदल करून मजकुराच्या बाबतीत काही साधत नाही. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्यांचे क्रमांक असतात आणि कोणती आकृती म्हणजे युनिकोड या अक्षरांच्या प्रमाण संकेतातले कोणते अक्षर, हे सांगणारा तक्ता फाइलमध्ये वेगळा असावा लागतो. तो चुकीचा असला किंवा नसलाच, तरी पान सुंदर दिसते. शोध मात्र फसतो.

आपल्या फाइलचे दुखणे कोणते, हे ‘पीडीएफफॉन्ट्स’ या आज्ञेने कळते. ती ‘पॉपलर-युटिल्स’ या पॅकेजमध्ये येते. आज्ञेपुढे फाइलचे नाव द्यावे. फॉन्टची यादी येते आणि तीत ‘युनि’ या मथळ्याखाली अक्षरांचा तक्ता आहे की नाही, हे दिसते. यादी रिकामी आली, तर ते पान म्हणजे निव्वळ छायाचित्र आहे. यादीत श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी अशा घराण्यांची नावे दिसली, तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला आहे. तेथे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकृत्या बसवलेल्या असतात आणि तुम्हाला मिळणारा काला तो हाच.

तिसरा प्रकार फसवा आहे. फॉन्ट युनिकोडचा असतो, तक्ताही असतो, तरी काही शब्द सापडतात आणि काही सापडत नाहीत. कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते, युनिकोडमध्ये मात्र ती अक्षरानंतर येते. फाइलमधून मजकूर काढताना हा क्रम कधी कधी आकृत्यांप्रमाणेच राहतो. ‘मिळकत’ या शब्दात वेलांटी आधी आणि ‘म’ नंतर, अशी उलटापालट होते आणि तुम्ही नीट टंकलेला शब्द जुळत नाही. अशा फाइलीत पहिली वेलांटी आणि जोडाक्षर टाळून शब्दाचा मधला तुकडा शोधावा. ‘मिळकत’साठी ‘ळकत’ आणि ‘प्रतिवादी’साठी ‘वादी’ टंकल्यास बहुधा काम होते. दुसऱ्या उदाहरणात वादीचेही उल्लेख सापडतील, पण नेमके पान हाती लागते. झथुरामध्ये तिरपी रेघ दाबून शब्द टंकावा. ‘एन’ने पुढचा आणि मोठ्या ‘एन’ने मागचा उल्लेख येतो.

पहिल्या दोन प्रकारांवर उपाय आहे. ‘ओसीआरमायपीडीएफ’ हा प्रोग्रॅम पानाचे चित्र वाचून त्याखाली अदृश्य मजकुराचा थर घालतो. त्यासाठी टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचे मराठी भाषेचे पॅकेज बसवावे लागते आणि आज्ञेत भाषेची खूण ‘-एल एमएआर+ईएनजी’ अशी द्यावी लागते. स्कॅनसाठी एवढे पुरे आहे. जुन्या फॉन्टच्या फाइलीत आधीच मजकूर असल्याने प्रोग्रॅम अडून बसतो. तेथे ‘--फोर्स-ओसीआर’ जोडावे, म्हणजे पानाचे आधी चित्र होते आणि मग ते वाचले जाते. पुसट टंकलिखित दस्तात चुका राहतातच, म्हणून हा थर पान शोधण्यापुरता वापरावा आणि न्यायालयात द्यायचा उतारा मूळ पानावरून डोळ्यांनी वाचूनच उतरवावा. मूळ फाइल कधीही पुसू नये, विशेषतः तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी असेल तर. अशा प्रक्रियेतून निघालेल्या नव्या फाइलीत ती स्वाक्षरी ग्राह्य राहत नाही.

तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार विचारतात : डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उघडल्यावर स्वाक्षरीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसते. उतारा खोटा आहे का?

उत्तर : नुसत्या प्रश्नचिन्हावरून तसे म्हणता येत नाही. ते पानावरचे चित्र आहे. स्वाक्षरी खरोखर तपासण्यासाठी टर्मिनलमध्ये ‘पीडीएफसिग’ ही आज्ञा आणि पुढे फाइलचे नाव द्यावे. हीदेखील पॉपलर-युटिल्समध्येच आहे. तिच्या उत्तरात दोन बाबी वेगवेगळ्या वाचाव्यात. स्वाक्षरी वैध असल्याचे आले, तर स्वाक्षरीने झाकलेला मजकूर नंतर बदललेला नाही. प्रमाणपत्र देणारी संस्था अपरिचित असल्याचे आले, तर तुमच्या संगणकाला त्या संस्थेची ओळख करून दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. बँकेत कर्जासाठी उतारा द्यायचा असेल, तर उताऱ्यावरील पडताळणी क्रमांक शासनाच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावर टाकून पाहणे अधिक सोपे आणि बँकेलाही पटणारे आहे.

साताऱ्याहून एक शिक्षिका विचारतात : मराठी शब्द शोधून झाला की झथुराच्या कळा चालेनाशा होतात.

उत्तर : कळफलक इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवर राहिलेला असतो. तुम्ही ‘जे’ची कळ दाबता, पण झथुराकडे ‘र’ जातो आणि त्या अक्षराला तेथे काही काम नेमलेले नसते. शब्द टंकून एंटर दाबल्यावर मांडणी लगेच इंग्रजीवर आणावी. मांडणी बदलण्यासाठी एकच सोयीची कळ, उदाहरणार्थ कॅप्स लॉक, नेमून घेतल्यास हे हाताच्या सवयीने होऊ लागते.