नवीन आशाताईसाठी, बाळंतीण आणि अ जीवनसत्त्व

अगं, पाटणकडच्या वाड्यांवर अजून काही आज्या पहिलं पिवळं चीक दूध पिळून टाकायला लावतात, तिथं तू आडवी जा, बाळासाठी अ जीवनसत्त्व त्यातच भरपूर असतं. बाळंतिणीला नुसत्या वरणभातावर ठेवू नका म्हणावं, शेवग्याचा पाला, मेथी, अंडं द्या आणि भाजीला तेलाची फोडणी हवीच, तेलाबिगर अ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. बाळाला अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीसोबत, १ मिली म्हणजे १ लाख युनिट, सिस्टरांकडूनच, बाटलीसोबतच्याच चमच्यानं, घरचा चमचा अजिबात नको. दुसरा बाळ १६ महिन्यांचं झाल्यावर २ मिलीचा, मग दर ६ महिन्यांनी ५ वर्षांपर्यंत, आणि हेच डोस द्यायचे राहून जातात बघ, म्हणून कार्डावरच्या तारखा तू स्वतः बघत जा.