बुबुळ नेमकं कशाला म्हणायचं?

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ऊसतोडीत सासऱ्यांच्या डोळ्याला पात लागली, जखम चिघळली आणि डोळ्यात फूल पडलं. बेळगावच्या डॉक्टरांनी ‘बुबुळ बदलावं लागेल’ असं सांगितलं. पण मुलीच्या शास्त्राच्या पुस्तकात बुबुळ म्हणजे डोळ्यातला रंगीत पडदा. मग सासऱ्यांचा घारा डोळा काळा होणार का?

नाही ताई, रंग आहे तोच राहणार. डॉक्टर बोलले ते पारपटलाबद्दल, म्हणजे कॉर्नियाबद्दल. घड्याळाच्या काचेसारखा हा डोळ्याचा अगदी पुढचा भाग, मध्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तो मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. डोळ्याचा पांढरा भागही कोलॅजनचाच. पण तिथले तंतू जाडे-बारीक आणि आडवेतिडवे, तर पारपटलातले सारख्या जाडीचे, सारख्या अंतरावर मांडलेले. म्हणून इथून उजेड आरपार जातो. रक्तवाहिनी एकही नाही, प्राणवायू अश्रूंतून मिळतो. जखमेनं तंतूंची ती मांडणी विस्कटली की तेवढी जागा पांढुरकी होते. तेच फूल.

पुस्तकातलं बुबुळ याच्या मागे असतं, स्नायूंचं आणि रंगद्रव्याचं. त्याच्या मधलं भोक म्हणजे बाहुली.

मग घोटाळा कुठे झाला? पारपटल निरोगी असेपर्यंत दिसतच नाही. बघणाऱ्याला डोळ्यात दिसतं ते पांढरं आणि काळं. सुश्रुतसंहितेतही श्वेतमंडल आणि कृष्णमंडल अशीच नावं आहेत. आपल्या बोलीत त्या अख्ख्या काळ्या गोलाला बुबुळ म्हणतात, त्यामुळे त्याच्यावरची काचही त्याच नावात गेली. बोलताना कुणी ‘बुबुळ बसवलं’ म्हटलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. मात्र नेत्रदानाच्या पत्रकावर ‘पारपटल’ किंवा सरळ ‘कॉर्निया’च छापावं, असं माझं ठाम मत आहे. तुमच्यासारखी शंका अनेकांना येते, आणि काहींना तर अख्खा डोळाच काढून दुसऱ्याला बसवतात असं वाटतं. तसं केलं तरी दृष्टी येत नाही, कारण तुटलेली दृष्टीची नस पुन्हा जुळत नाही.

आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. शिबिराच्या कन्नड फलकावर ‘कण्णिन पोरे’ असतं. पोरे म्हणजे पापुद्रा, म्हणून ते फुलावरच्या उपचाराचं शिबिर वाटतं. ते असतं मोतीबिंदूचं. मोतीबिंदू बाहुलीमागच्या भिंगात होतो, ते भिंग गढूळ होतं. सासऱ्यांच्या फुलाशी त्याचा संबंध नाही. उलट मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं पारपटल निरोगी असेल तर त्यालाही नेत्रदान करता येतं. फक्त मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक पोचायला हवेत.