टम्बलर (फिरत्या ड्रममध्ये घुसळून साफ करणारं यंत्र) विकत न घेता काडतुसाच्या पितळी पुंगळ्या साफ करता येतात का? ड्रम घरी बनवायचा तर कसा?

पन्नास-शंभर पुंगळ्या असतील तर ड्रम लागतच नाही. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. लिटरभर गरम पाण्यात ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका. पाच मिनिटं हलवा, पाच मिनिटं ठेवा आणि लगेच तीन पाण्यांनी धुवा. रात्रभर विसरलात तर पितळ गुलाबी पडतं, कारण ॲसिड वरच्या थरातलं जस्त खाऊन टाकतं आणि तांबं उघडं पडतं. अमोनिया असलेलं पॉलिश मात्र अजिबात वापरू नका. आधीच ताण असलेल्या पितळेला त्याने बारीक चिरा जातात, आणि पुंगळीच्या मानेत ताण असतोच.

डब्यात वरचा काळपटपणा जातो. आतली काजळी आणि प्रायमरच्या (बुडात बसणाऱ्या, ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीच्या) खाचेतली घाण निघायला ड्रम आणि स्टेनलेस पिना हव्यात. १६० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा ३० सेंमी तुकडा पुरतो. एका टोकाला कॅप चिकटवा, दुसऱ्याला क्लॅम्पने आवळायचं रबरी झाकण लावा. आत लांबीभर तीन पट्ट्या चिकटवा, नाहीतर सगळा ढीग तळाशी नुसता घसरत राहतो. २ किलो पिना, १ किलोपर्यंत पितळ आणि सगळं बुडेल एवढं पाणी, दोन-तीन तास.

बहुतेकांची फसगत होते ती वेगात. ड्रमचे मिनिटाला ४०-५० फेरे हवेत. शंभरच्या पुढे गेलात की माल भिंतीला चिकटून फिरतो आणि पुंगळ्या काळ्याच्या काळ्याच. ड्रम आडवा रोलरांवर ठेवून मोटरने रोलर फिरवायचा. रोलर २५ मिमीचा असेल तर ४७ फेऱ्यांसाठी त्याला ३०० फेरे द्यावे लागतात. म्हणून मिनिटाला ६० फेऱ्यांची मोटर थेट रोलरला जोडली तर ड्रम जेमतेम नऊ-दहा फेरे घेतो.

जुना प्रायमर आधी काढा. जिवंत काडतूस किंवा न उडालेला प्रायमर ड्रममध्ये जाता कामा नये. नंतर प्रत्येक पुंगळी उजेडात धरून बुडाच्या भोकातून पाहा: १ मिमीच्या दोन पिना शेजारी-शेजारी शिरल्या तर २ मिमीच्या भोकात घट्ट अडकतात. वाळवताना १०० अंशांच्या वर जाऊ नका. फार तापवलं तर बूड नरम पडतं, आणि तशी पुंगळी पुन्हा भरणं धोक्याचं.

प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. हातमोजे घाला, ही भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नका.