वाचकांचे प्रश्न : चार वर्षांच्या मुलीसह डिस्नेलँड पॅरिस

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही सहा दिवसांसाठी पॅरिसला जाणार आहोत. मुलगा 8 वर्षांचा आणि मुलगी 4 वर्षांची आहे. सोबत सासूबाई असतील. त्या पूर्ण शाकाहारी असून त्यांना गुडघेदुखीचा त्रास आहे. एजंटने आखलेल्या कार्यक्रमानुसार शेवटच्या दिवशी सकाळी डिस्नेलँडला जायचे, रात्रीची रोषणाई पाहायची आणि पॅरिसमधील हॉटेलवर परतायचे. एवढा वेळ पुरेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एका दिवसात डिस्नेलँड उरकता येते, परंतु ते उरकणेच होते. आपल्या कार्यक्रमात मला सर्वांत खटकली ती रात्रीची रोषणाई. मेच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये सूर्यास्तच साडेनऊनंतर होतो, त्यामुळे किल्ल्यावरचा हा कार्यक्रम साडेदहाच्या आधी सुरू होणे कठीणच. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते; म्हणजे त्या वेळी भारतात रात्रीचे दोन वाजलेले असतात. दिवसभर चाललेल्या, झोपेने पेंगुळलेल्या मुलीला कडेवर घेऊन आणि सासूबाईंना सांभाळत त्यानंतर गर्दीच्या गाडीने पाऊण तास पॅरिसला परतणे कसे असेल, याची कल्पना आपण करू शकाल.

म्हणून डिस्नेलँड शेवटी न ठेवता सुरुवातीला घ्यावे आणि तेथे तीन रात्री राहून दोन दिवस उद्यानाला द्यावेत, असे मी सुचवेन. शार्ल द गॉल विमानतळावरून तेझेवे ही वेगवान रेल्वे सुमारे दहा मिनिटांत मार्न-ला-व्हॅले शेसी स्थानकावर पोहोचवते, आणि उद्यानाचे प्रवेशद्वार स्थानकाबाहेर चालत दोन मिनिटांवर आहे. सामान घेऊन आधी पॅरिस शहरात शिरण्याची गरजच उरत नाही. वेळेच्या फरकामुळे मुले पहिले दोन-तीन दिवस पहाटेच जागी होतात, याचा येथे फायदा होतो. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना उद्यान सर्वांसाठी खुले होण्याच्या आधी आत सोडतात. त्या वेळात डम्बो आणि पीटर पॅन यांसारख्या पाळण्यांसाठी, जेथे पुढे दिवसभर लांब रांग असते, फारसे थांबावे लागत नाही. दुपारी दीडच्या सुमारास खोलीवर परतावे, मुलीला झोपवावे, सासूबाईंनीही पाय पसरावेत आणि पाचला पुन्हा आत जावे. डिस्नेलँडनंतर मुलांना लूव्र संग्रहालयात रस वाटणार नाही, असे एजंट म्हणेल. तो आधीही वाटणार नव्हता.

तिकिटे काढण्यापूर्वी दोन्ही मुलांची उंची भिंतीला टेकवून, अनवाणी मोजावी. तेथे वयापेक्षा उंचीला महत्त्व आहे आणि प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी मापाची पट्टी असते. बिग थंडर माउंटन या खाणीतल्या आगगाडीसाठी 1.02 मीटर, हायपरस्पेस माउंटन या रोलर कोस्टरसाठी 1.20 मीटर आणि इंडियाना जोन्सच्या रोलर कोस्टरसाठी 1.40 मीटर उंची लागते. आपली मुलगी मीटरच्या आसपास असेल, म्हणजे पहिल्या पट्टीपाशीच अडण्याचा संभव आहे, तर मुलाला बहुधा पहिल्या दोन चालतील आणि तिसरी चालणार नाही. हे घरीच सांगून ठेवावे. आमच्या धाकट्याला अशाच एका उद्यानात दोन सेंटिमीटरसाठी परत फिरवले, तेव्हा त्याच्या रडण्याने आमचा पुढचा तासभर गेला. चूक पट्टीची नव्हती, आम्ही त्याला आधी आशा लावली होती.

आई-वडिलांपैकी एकाने मुलासोबत राइड घ्यावी, दुसऱ्याने मुलीजवळ थांबावे आणि नंतर पुन्हा रांग न लावता जागा बदलावी, अशी बेबी स्विच नावाची सोय तेथे आहे. कर्मचाऱ्याला रांगेत शिरण्यापूर्वीच विचारावे. मुलीसाठीही मात्र पुष्कळ काही आहे, कारण इट्स अ स्मॉल वर्ल्ड, मॅड हॅटरचे फिरणारे कप, केसी ज्युनियरची छोटी गाडी यांना उंचीची अट नाही. किल्ल्याच्या तळघरात साखळदंडाने बांधलेला, घोरणारा आणि मधूनच डोळे उघडणारा एक मोठा ड्रॅगन आहे. तो चालत जाऊन पाहता येतो. लहान मुले त्याच्यापाशी पुन्हा पुन्हा जायला मागतात, हे मी पाहिले आहे. चालणे बरेच होते, म्हणून चार वर्षांच्या मुलीसाठीही बाबागाडी भाड्याने घ्यावी. संकोच करू नये.

वार निवडताना फ्रान्सचे कॅलेंडर समोर ठेवावे. 1 मे आणि 8 मे या तेथे सार्वजनिक सुट्ट्या आहेत. असेन्शनची (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाची) सुट्टी नेहमी गुरुवारी येते, आणि शुक्रवारची रजा जोडून लोक चार दिवस बाहेर पडतात. शनिवार-रविवार टाळावेतच, पण बुधवारही टाळावा, कारण बऱ्याच फ्रेंच प्राथमिक शाळांना त्या दिवशी सुट्टी किंवा अर्धी शाळा असते. सोमवार, मंगळवार किंवा गुरुवार बरा. तिकिटाचा दरही तारखेप्रमाणे बदलतो. 3 ते 11 वर्षांच्या मुलांना मुलांचे तिकीट लागते.

सासूबाईंच्या जेवणासाठी आत पिझ्झा, पास्ता आणि बटाट्याचे काप मिळतील. दोन दिवस त्यांवर काढणे त्यांना जड जाईल. शेसीच्या अलीकडचे स्थानक व्हाल द्युरोप येथे मोठा बाजार आहे आणि स्वयंपाकघर असलेल्या खोल्याही भाड्याने मिळतात. लवकर प्रवेशाची सवलत सोडायची तयारी असेल, तर तेथे उतरून रात्री वरणभात करता येईल. घरून मेतकूट, चटणी, भाजणी खुशाल न्यावी. परंतु दूध आणि दुधाचे पदार्थ प्रवाशांनी युरोपीय संघात बाहेरून आणण्यास बंदी आहे, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. आपल्याकडील जाड तीन पिनांचा प्लग तेथील सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून अडॅप्टर घ्यावा.

प्रश्न : अशाच सहलीसाठी 4 आणि 9 वर्षांच्या मुलांचा शेंगेन व्हिसा काढायचा आहे. आमच्या अर्जातच त्यांची नावे घालता येतात का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. प्रत्येक मुलाचा अर्ज स्वतंत्र असतो आणि त्यावर आई-वडिलांच्या सह्या लागतात. प्रौढांचे शुल्क 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांचे 45 युरो असून 6 वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. 12 वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा आणि तो मुलांचाही हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेसाठी जानेवारीतच करावा. त्याआधी मुलांचे पासपोर्ट कपाटातून काढून पाहावेत. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि परतीच्या तारखेनंतर त्याची किमान तीन महिने मुदत शिल्लक असावी लागते. धाकट्याचा तान्हेपणी काढला असेल, तर तो आता संपतच आलेला असेल.