नाव झाकलं, तरी पोस्ट का काढली?

प्रश्न : माझी मुलगी एमबीबीएस करून सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करते आहे. तिला ऑर्थोपेडिक्समध्ये पीजी करायचं आहे, म्हणून ती हाडांच्या डॉक्टरांच्या एका मोठ्या ऑनलाइन ग्रुपमध्ये आहे. मागच्या आठवड्यात तिने एका रुग्णाचा एक्स-रे टाकून सल्ला विचारला. ॲडमिननी पोस्ट लगेच काढली आणि तिला दोन आठवडे लिहायला बंदी केली. रुग्णाचं नाव तिने झाकलं होतं. याचा तिच्या रजिस्ट्रेशनवर किंवा पीजीवर परिणाम होईल का? तिने ग्रुप सोडावा का? – एक आई

ताई, आधी मनावरचं ओझं उतरवू. ग्रुपच्या ॲडमिनने घातलेल्या बंदीची नोंद डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन करणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होत नाही आणि नीट पीजी या परीक्षेतून होणाऱ्या पीजी प्रवेशात ती कुठे विचारतही नाहीत. कौन्सिलचा संबंध सहसा येतो तो रुग्णाने किंवा नातेवाइकांनी तक्रार केली तर. तेव्हा ताकीद मिळू शकते, काही काळासाठी नाव रजिस्टरमधून काढलंही जाऊ शकतं. ॲडमिननी पोस्ट झटपट काढली, म्हणजे तक्रारीची वेळ येण्याची शक्यताच कमी केली. त्यांच्याशी वाद घालू नका.

आता मुलीने समजून घ्यायची गोष्ट. नाव झाकलं म्हणजे ओळख झाकली, असं होत नाही. एक्स-रेच्या कोपऱ्यात नावाखेरीज ओपीडी किंवा आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर, वय, तारीख आणि रुग्णालयाचं नाव असतं. त्यातल्या नंबरवरून रुग्णालयातला कोणीही मिनिटभरात केसपेपर काढू शकतो. शिवाय मजकुरात "अमुक गावचा, कालच्या ट्रॅक्टर अपघातातला, वय 34" असं लिहिलं असेल, तर त्या गावच्या बातमीदाराला नावाची गरजच उरत नाही. ग्रुपमध्ये शेकडो डॉक्टर असतात आणि अनेकांच्या फोनमध्ये फोटो आपोआप गॅलरीत जातो. नंतर पोस्ट डिलीट केली तरी त्या प्रती आपल्या हातात नसतात.

फोटो झाकण्यातही गफलती होतात. फोनमधल्या हायलायटरने नावावर काळं फासलं तर खालची अक्षरं पुसट राहतात. ब्राइटनेस वाढवला की वाचता येतात. पॉवरपॉइंटमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्येच राहतो, "क्रॉप केलेला भाग काढून टाका" हा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. त्यावर ठेवलेला काळा चौकोन तर कोणीही उचलून बाजूला करेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर त्यातली लोकेशनची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. म्हणून झाकण्यापेक्षा कडा पूर्ण कापाव्यात, मग त्या कापलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तोच वापरावा. चेहऱ्याच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी पुरत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही ती अपुरी ठरवली आहे. टॅटू, दागिने, जुना व्रण यांवरूनही घरचे माणूस ओळखतात.

नियम काय सांगतो? 2002 सालचे इंडियन मेडिकल कौन्सिलचे आचारनियम अजून लागू आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले, त्यात सोशल मीडियाविषयी स्वतंत्र सूचना होत्या. पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. 2002 च्या नियमांतलं कलम 7.14 म्हणतं की व्यवसायात कळलेली रुग्णाची गुपितं फोडायची नाहीत. त्याला अपवाद आहेत न्यायालयाचा आदेश, ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि सरकारला कळवायचे आजार. कलम 7.17 फोटो आणि केस रिपोर्ट छापण्याबद्दल आहे : ओळख पटणार असेल तर परवानगी हवी, पटत नसेल तर नको. पण "ओळख पटत नाही" हे ठरवणं इंटर्नच्या अंदाजावर सोडू नये. रुग्णाची लेखी संमती घ्यावी आणि युनिटच्या सरांना किंवा मॅडमना विचारावं.

काही केसेस कितीही झाकल्या तरी ग्रुपवर टाकायच्याच नाहीत : गर्भपात, एचआयव्ही, लैंगिक अत्याचार, मानसिक आजार आणि मेडिको-लीगल (पोलिसांत नोंद होणारी) केस. पहिल्या चारांच्या गोपनीयतेसाठी कायद्यांतच तरतुदी आहेत, एचआयव्हीसाठी तर 2017 चा स्वतंत्र कायदा आहे; आणि मेडिको-लीगल केसचा एक्स-रे उद्या कोर्टात पुरावा होतो. यात "पण मला शिकायचं होतं" हे उत्तर चालत नाही.

मग सल्ला मागायचा कसा? समजा फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, मधल्या भागाचं (शाफ्टचं) फ्रॅक्चर आहे आणि खुब्याजवळच्या भागाचं (नेक ऑफ फीमरचं) सुटून जाईल अशी शंका आहे. गाव, तारीख, अपघाताची बातमी, रुग्णालय हे सगळं गाळून असं लिहावं : "तिशीतला पुरुष, जोरदार आघात, दुसरा दिवस, डाव्या फीमरच्या शाफ्टचं फ्रॅक्चर. नेक ऑफ फीमरचं फ्रॅक्चर सुटून जाऊ नये म्हणून वेगळा व्ह्यू पुरे की सीटी करावा?" यात रुग्ण कोण हे कळत नाही, पण उत्तर देणाऱ्याला हवं ते सगळं आहे. नेमका प्रश्न असला की अनुभवी डॉक्टरही आवर्जून उत्तर देतात. दुसऱ्या डॉक्टरच्या उपचारांवर ताशेरे मात्र लिहू नयेत.

आणखी एका गोष्टीची काळजी जास्त वाटते, कारण तिथे मुलं सर्रास फसतात. नीट पीजीनंतर ग्रुपवर "रिकॉल" म्हणून आठवलेले प्रश्न फिरतात. परीक्षार्थी प्रश्न उघड न करण्याची अट मान्य करूनच परीक्षेला बसतो. अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्यासाठीच्या यूएसएमएलई परीक्षेलाही अशीच अट असते. या बाबतीतली चूक थेट निकालाशी आणि प्रवेशाशी भिडते, ग्रुपच्या बंदीशी तिची तुलनाच नाही. पुढे अमेरिकेत ऑब्झर्वरशिपचा (तिथल्या रुग्णालयात काम नुसतं पाहून शिकण्याचा) विचार असेल तर तिथला रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हिपा कायदाही आजच वाचून ठेवावा. ओळख पटू नये म्हणून काढून टाकायची ठरावीक 18 प्रकारची माहिती त्यात दिली आहे. त्यात वर्ष सोडून सर्व तारखा आणि राज्यापेक्षा लहान भूभागाचा उल्लेख जवळजवळ पूर्ण बाद आहे.

आत्ता तिने करायचं ते असं. युनिटच्या सरांना किंवा मॅडमना आज स्वतः सांगावं. दुसऱ्याकडून कळलं तर विश्वास जातो. फोटो स्वतःच्या गॅलरीतून आणि गुगल फोटोजमधून काढावा, ट्रॅशही रिकामी करावी, कारण बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस पडून राहतो. ॲडमिनना दोन ओळी लिहाव्यात : चूक कळली, पुढच्या पोस्ट संमती घेऊन आणि कडा कापून टाकेन. ग्रुप सोडू नये. बंदीच्या दोन आठवड्यांत इतरांच्या केसेस वाचाव्यात, रोज एक केस निवडून स्वतःचं निदान वहीत लिहावं आणि मगच ज्येष्ठांची उत्तरं उघडावीत.